डोळ्यांना दिसणारी हानी

१४ डिसेंबर १९६७, महाड

सोमवारी पहाटे धरणी हलली आणि आज गुरुवारी तपासणीचे छापील फॉर्म आले. इतक्या लवकर आले म्हणून मी आधी खूश झालो. वाचल्यावर कळलं की ज्याने जन्मात गवंड्याची थापी हातात धरली नाही अशा कुणीतरी ते बसल्या बैठकीला लिहिलेत. रकाना सहावा : 'गिलाव्यास अगर लिंपणास डोळ्यांना दिसणारी हानी, तड्याची लांबी व रुंदी.' संपलं. भिंत आतून सुटली आहे का, ओळंब्यात म्हणजे सरळ उभी आहे का, ठोकल्यावर कशी वाजते, याला रकानाच नाही. गिलावा म्हणजे भिंतीच्या अंगावरचं कापड. सदरा धड आहे म्हणून माणूस ठणठणीत, असं कोणता वैद्य म्हणेल?

हेच आमच्या बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरसाहेबांना म्हणालो. ते माझ्याहून वीस वर्षांनी लहान, डिप्लोमावाले. म्हणाले, "दत्ताराम मिस्त्री, तुम्ही फक्त दिसेल ते लिहून आणा. पुढचं आम्ही बघू." या कचेरीत मिस्त्री म्हणून एकतीस वर्षं काढली. माझ्या बापाने भिंतीला कान लावून वाजवायला शिकवलं तेव्हा हे साहेब जन्मलेही नव्हते.

शेवटी एक अक्षर लिहायचं. 'अ' म्हणजे घर राहण्यास धोक्याचं, त्याला पावसाळ्याआधी पत्रे आणि वासे मिळणार. 'ब' म्हणजे डागडुजी. 'क' म्हणजे काही झालेलं नाही. तळाशी ठळक टाइपात : तपासणीत घराच्या कोणत्याही भागास धक्का लावू नये.

माझ्या वाट्याला पोलादपूरची बाजारपेठ आणि डोंगरावरची कुंभळवाडी आली. इतर मिस्त्री अवचित जाऊन टपकतात, मग माणसं रानात आणि घराला कडी. माझं तसं नसतं. मी आठवडाभर आधी चिठ्ठी पाठवतो. कुंभळवाडीची चिठ्ठी आजच कुशाबा कोतवालाच्या हाती दिली : 'ता. २१ रोजी तपासणी आहे. सर्वांनी हजर राहावे. घरे व्यवस्थित ठेवावीत.' काम कसं करावं हे या पोरांनी माझ्याकडून शिकावं.

१७ डिसेंबर

पोलादपूर. बाजारपेठेतल्या एका किराणावाल्या शेठच्या घरी गेलो. दोन वर्षांपूर्वीचं सिमेंटचं घर. दर्शनी भिंतीवर केसाएवढे बारीक तडे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. हे भूकंपाचे नव्हेत. गिलावा केल्यावर आठ दिवस पाणी मारायचा आळस केला की असे तडे पडतात. पण मधोमध एक तडा बोटभर रुंद, आणि खाली अंगणात ताजा चुरा पडलेला. तड्याच्या कडा पांढऱ्याशुभ्र, छिन्नीच्या खुणा मोजून घ्याव्यात.

मी शेठला म्हटलं, "भूकंपाने छिन्नी कुठून आणली?" शेठ हसले आणि चहा मागवला. मी चहा घेतला नाही. फॉर्मवर 'क' लिहिला.

१९ डिसेंबर

शेठचा 'क' खोडून साहेबांनी तांबड्या पेन्सिलीने 'अ' केला. म्हणे तडा डोळ्यांना दिसतो. संध्याकाळी जेवलो नाही. बायको, प्रयाग, म्हणाली, रागाने पोट भरतं का? मी म्हटलं, माझं भरतं.

२१ डिसेंबर, कुंभळवाडीहून उतरल्यावर

आज मी इतका ओरडलो की घसा बसला आहे.

पोलादपूरहून दोन तास चढ. डोंगराच्या माथ्यावर अकरा घरं, गुरं-शेरडं पाळणारी, थोडी नाचणी-वरी पिकवणारी माणसं. बहुतेक घरं कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या आणि वर मातीचं लिंपण. चार घरांना एकेक भिंत दगडमातीची. वर पोहोचलो आणि बघतो तर काय, अकराच्या अकरा घरं लखलखीत! एकेक भिंत पांढऱ्या मातीने सारवलेली, अंगणात सडा, उंबऱ्यावर रांगोळी. दिवाळीलाही असतील की नाही कोण जाणे. बाया हात धुऊन ओळीने उभ्या.

पहिलं घर हरिबाचं. त्याची बायको गोदूबाई पुढे आली. "बसा सायेब. पानी घ्या. चार दिस आवरतंव आमी, तुमी येनार म्हनून."

आतल्या खोलीची पश्चिमेची भिंत दगडाची. तिच्यावर हात फिरवला तर ओलसर. विचारलं, "ही कधी सारवलीत?"

"काल सारवली. परवा लिंपली. मोठी फट पडली व्हती, ती तुमाला कशी दाखवायची?"

"फट कुठे होती?"

"आता नाय," गोदूबाई अभिमानाने म्हणाली.

मग मात्र माझा तोल गेला. "अहो बाई, मी फटच बघायला एवढा डोंगर चढलोय! फट नाही तर मी लिहू काय? तुमची रांगोळी?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. गोदूबाईने घाबरून विचारलं, चहात गूळ कमी पडला काय. मी चहाला अजून तोंडही लावलं नव्हतं! या लोकांपुढे डोकं आपटून उपयोग नाही.

भिंत वाजवली. दोन्ही कडांना टणक वाजते, मधे पुरुषभर रुंदीत फुटक्या मडक्यासारखी बद्द. ओळंबा सोडला तर मधला भाग तीन बोटं बाहेर. हरिबाला विचारलं, कुणी बांधली? म्हणाला, "म्या. ओढ्यातलं दगड डोईवर आनून." ओढ्यातले दगड म्हणजे गोटे. ते एकमेकांना धरत नाहीत. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे नुसती माती. मी म्हटलं, "भिंतीला पोट आलंय," तर बाया खुसुखुसू हसू लागल्या. दारात एक अवघडलेली पोर उभी होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. मी भिंतीचं सांगतोय आणि यांना हसू येतंय!

थोडं लिंपण खरवडून बघावं असं फार मनात आलं. पण नियम म्हणजे नियम. लिहिलं : 'तडा दिसत नाही. भिंत बद्द वाजते. ओळंबा तीन बोटे बाहेर. अ द्यावा.' बाकीच्या तीन दगडी भिंतींचं थोड्याफार फरकाने हेच.

२३ डिसेंबर

चारही शेरे खोडले. तांबडी पेन्सिल.

साहेब म्हणाले, "कानाने ऐकलेलं सरकारी दप्तरात लिहीत नाहीत, मिस्त्री." मी ओळंब्याचं काढलं. ते म्हणाले, "भिंत मुळातच वाकडी बांधलेली नसेल कशावरून? तडा दाखवा, लगेच अ देतो." तडा कुठून दाखवू? चारही घरं 'क'.

घरी येऊन प्रयागला सगळं सांगितलं. त्या बायांच्या मूर्खपणाचं जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्ही चिठ्ठीत काय लिहिलं होतंत?"

"तारीख. आणि घरं व्यवस्थित ठेवा."

"मग ठेवली की त्यांनी." आणि हसायला लागली. "तुमचे साहेब आपल्याकडे जेवायला यायचे असले की मी काय करते? पोपडे आलेल्या भिंतीपुढे कपाट तुम्हीच नव्हतं का सरकवलं?"

यात हसण्यासारखं काय आहे? कपाटाची गोष्ट वेगळी. चिठ्ठी सरकारी होती, तिचा सरळ अर्थ घ्यायचा. बायकांना तर्कशास्त्र शिकवावं कुणी. मी तिच्याशी बोलत नाही.

२९ डिसेंबर

आज फेरतपासणीचा अर्ज लिहायला घेतला आहे.

कुशाबा कोतवाल बाजारात भेटला. सहज विचारलं, कुंभळवाडी कशी आहे? म्हणाला, "बेस हाय. हरिबाची मानसं गोठ्यात निजायची ती आता घरात निजत्यात. म्याच सांगितलंन, सायबांनी बघितलान, घर धड हाय."

भूकंपापासून ती माणसं भीतीने गोठ्यात गुरांशेजारी निजत होती. माझ्या तपासणीनंतर ती आत गेली. त्या खोलीत. त्या भिंतीखाली.

आणि एवढ्यावर भागलं नाही. दारात उभी होती ती पोर म्हणजे हरिबाची मुलगी शकू. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, पौषात दिवस भरतात. कुडाच्या खोल्यांत चारी बाजूंनी वारा शिरतो, म्हणून बाळंतिणीची खाट त्या दगडी भिंतीलाच लावली आहे.

मी कुशाबावर ओरडलो, तुला कुणी सांगितलं होतं धड आहे म्हणून? तो म्हणाला, "तुमच्याच कागदावर व्हता ना सायेब? तलाठ्यानं वाचून दाखवलान."

२ जानेवारी १९६८

फेरतपासणीचा अर्ज दिला. नामंजूर. कारण : 'एकदा तपासलेले घर पुन्हा तपासण्याची तरतूद नाही.' मी साहेबांना म्हटलं, "तिथे एक पोर बाळंत होणार आहे." ते म्हणाले, "मग ते आरोग्य खात्याकडे कळवा."

हे शब्द जसेच्या तसे इथे लिहून ठेवतो. हा माणूस उद्या मोठा इंजिनिअर होईल आणि पूल बांधेल.

७ जानेवारी, रविवार

सुटीचा दिवस होता. कुणाला न विचारता गेलो. चिठ्ठी पाठवली नाही.

गोदूबाई मला बघून लगबगीने शेणाचं घमेलं उचलायला धावली. मी म्हटलं, काही सारवू नका, आधी पोरीला बाहेर काढा. भिंत पडणार आहे.

ती थबकली. "तुमीच तर बघून गेलात सायेब. घर धड हाय म्हनून लिवलात."

"मी तसं लिहिलं नव्हतं. वरचे दिसेल तेवढंच लिहितात. फट दिसली नाही म्हणून त्यांनी खोडलं."

"तुमी लिवलं नाय तर कागदावर आलं कसं?" तिला ओव्हरसियर माहीत नाही, तांबडी पेन्सिल माहीत नाही. तिच्या घरी मी आलो होतो.

"आन हिला ठेवू कुटं?" ती म्हणाली. "गोठ्यात? कुडातून वारा येतो. बाळंतिनीला वारा लागला तर जल्माचं दुखनं."

हरिबा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. रागावलेला. "ती भिंत माज्या हातची हाय. सा पावसाळं बघितलान तिनं. दोनदा यून तिला नावं ठेवलात. आता पुरं."

मी कुदळ मागितली. कुणी हललं नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जायचं आणि बाळंतिणीसाठी सारवून ठेवलेल्या खोलीला कुदळ लावायची, हे मला तरी कुठे शोभत होतं? मीही तसाच उभा राहिलो. शेवटी शकूच खाटेवरून उठली. सावकाश, भिंतीचा आधार न घेता. कोपऱ्यातली कुदळ आणून तिने माझ्या हातात दिली.

"निजल्यावर कानाशी गार लागतंय," ती म्हणाली. "बाबाची भिंत, म्हनून बोलले नाय."

बेताने खरवडलं. पहिला पापुद्रा पांढऱ्या मातीचा, मग शेणमातीचा, मग हाताएवढा जाड लिंपणाचा पोपडा एकदम सुटून खाटेवर पडला. त्याच्या मागे फट. वरपासून कमरेपर्यंत. मी हात घातला, मनगटापर्यंत गेला, आणि बाहेरचा वारा माझ्या बोटांना लागला. ज्या वाऱ्याला ती माणसं एवढी भीत होती तो भिंतीतूनच येत होता.

हरिबाला म्हटलं, हात घालून बघ. त्याने घातला. बराच वेळ काढला नाही. मग बाहेर जाऊन तो पायरीवर बसला. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण तसं बोललो नाही. उलट "ओढ्याचे गोटे कुणी सांगितले होते?" म्हणून वर आणखी चिडलो. माझी जीभच तशी.

बाकीचं बायांनी केलं. चिमाबाई म्हणून शेजारीण आहे, ती आपल्या घरातली दोन घोंगडी घेऊन आली. तिचं बघून दुसरी आली. उजव्या हाताच्या कुडाच्या खोलीला आतून चारी बाजूंनी घोंगडी टांगली, एकावर एक, अकरा घरांतली. आत जाऊन उभा राहिलो तर वाऱ्याची झुळूक नाही. मी एकतीस वर्षांत असा गिलावा पाहिला नव्हता.

पडायला आलेल्या भिंतीला आम्ही दोन ओंडक्यांचा टेकू दिला आणि मी उतरलो.

१२ जानेवारी

मेमो मिळाला. 'नियम डावलून खासगी घराची भिंत कुदळीने फोडली व हानीचा खोटा पुरावा तयार केला. खुलासा करावा.' कुशाबाने कळवलं असणार. त्याची नोकरी आहे, त्याला काय बोलू?

पण खोटा पुरावा! मी! पोलादपूरच्या शेठने छिन्नीने तडा पाडला त्याला 'अ', त्याचे पत्रे मंजूरही झाले. आणि मी बुजवलेला तडा उघडा केला तर मी लबाड. साहेबांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "तडा कुदळीने पडला नाही हे सिद्ध करा."

चौकशी होईपर्यंत कुंभळवाडीला जायची मनाई.

१६ जानेवारी

शकूला मुलगी झाली, घोंगड्यांच्या खोलीत. दोघी बऱ्या आहेत. प्रयागने बातमी ऐकून देवापुढे साखर ठेवली. आम्ही बोलायला लागलो आहोत.

दुसरी बातमी वाईट. साहेब सोमवारी स्वतः चौकशीला वर जाणार, मला सोबत नेणार. त्यांनी पुढे चिठ्ठी पाठवली. मी मसुदा पाहिला. माझ्याच जुन्या चिठ्ठीवरून कारकुनाने उतरवला आहे : 'घरे व्यवस्थित ठेवावीत.'

झालं! आता ती माणसं मोठे साहेब येणार म्हणून फट पुन्हा बुजवणार, वर दोन हात पांढऱ्या मातीचे देणार. साहेब बघतील, काहीच नाही. मी खोटा ठरेन ते ठरेन, पण घर कायमचं 'क' राहील. मग पावसाळ्यात ती पोरगी बाळाला घेऊन कुठे बसेल? कुशाबाला विनवलं, एवढा निरोप दे, काही सारवू नका म्हणावं. तो म्हणाला, "मला नगा अडकवू सायेब. माजी नोकरी हाय." सांगूनही हा निरोप देणार नाही. वर जाऊन सांगायची मला मनाई. कचेरीत बसून मी टेबलावर हात आपटला, तर दऊत सांडली.

२२ जानेवारी

साहेब पुढे, हातात काठी. मी मागे. शेवटच्या वळणावर डोळे वर करायची हिंमत होईना.

मग साहेबच म्हणाले, "हे काय?"

अकराच्या अकरा घरं उघडी होती. एकाही भिंतीवर पांढरी माती नाही. बायांनी प्रत्येक भिंतीचं लिंपण, जिथे जिथे भूकंपानंतर हात फिरवला होता तिथे, खरवडून काढलं होतं. कुडाच्या काठ्या दिसत होत्या, दगडांमधल्या फटी दिसत होत्या. अंगणात सडा नाही, रांगोळी नाही. मातीचे ढीग तसेच पडलेले. बाया ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीचा पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला. एकीनेही मान वर केली नाही.

साहेबांनी विचारलं, "हे कुणी केलं? या मिस्त्रींनी सांगितलं?"

"नाय," गोदूबाई म्हणाली. "ते गेल्यापास्न आले नायत. आमी क्येलं."

"कशासाठी?"

"तुमी दिसल तेवडंच लिवता म्हनं."

साहेब हरिबाच्या खोलीत गेले. म्हणाले, ही फट वरवरची आहे, कुदळीने पडलेली. हरिबाने फक्त "हात घाला" म्हटलं. साहेबांनी हात घातला नाही, काठी घातली. काठी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर उभा असलेला कुशाबा ओरडला, "सायेब, हिकडं आली!" टेकूचा ओंडका जरा करकरला आणि साहेब चटकन मागे सरले. मग उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी फॉर्म भरला. चार 'अ', सहा 'ब', एक 'क'. मला त्यांनी विचारलं नाही. माझ्या मनात आग होती, कारण हे सगळं महिन्यापूर्वी माझ्या कागदावर होतं.

निघताना गोदूबाईने चहा आणला. कप साहेबांपुढे ठेवला. हळूच म्हणाली, "सारवलं नाय, रागावू नका. पाहुनं आल्यावर असं घर कुनी दावीत नाय. पन इलाज नव्हता." आतून शकूची मुलगी रडत होती. साहेब "हं हं" म्हणाले आणि घड्याळ बघू लागले.

मेमो मागे घेतलेला नाही. उद्या खुलासा देणार आहे : कुदळ माझी, तडा भिंतीचा. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

पण आज मला राग साहेबांचा नाही, तो उद्या करीन. आज मला माझाच राग येतो आहे. त्या बायकांना भरल्या वाडीसमोर घर उघडं करून उभं राहायला लागलं, एकेकीची मान खाली. डिसेंबरात त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी लिहिलं घरं व्यवस्थित ठेवा, त्यांनी चार दिवस राबून ठेवली. माझ्या चिठ्ठीचा त्यांनी मान राखला आणि मी त्यांच्यावर ओरडून खाली आलो.